शंकूडोक्याचं लाल जेट: काही महिने हाताळल्यावर

हे जेट म्हणजे ट्रान्सफॉर्मर्समधल्या पात्राचं, विमानाचा रोबोट होणारं खेळणं, आणि त्याचा साचा माझ्या हाताला सवयीचा आहे. याच साच्यातून निघालेलं राखाडी जेट, म्हणजे स्टारस्क्रीमच्या रंगातलं, माझ्याकडे आधीपासून होतं. मग काळं-जांभळं, स्कायवॉर्पच्या रंगातलं आलं. हे तिसरं, गडद लाल. परवाना नसताना अशी खेळणी काढणाऱ्या बऱ्याच छोट्या कंपन्या आहेत, त्यांतल्याच एकीचं हे काम. कंपनीचं नाव इथे घेत नाही. खोक्यावर पात्राचंही भलतंच नाव छापलंय, पण पंखांत बसवलेले गोल पंखे आणि डोक्यावरचा उभा शंकू पाहिला की हा ट्रान्सफॉर्मर्समधला थ्रस्ट आहे हे कुणी सांगावं लागत नाही.

खोका उघडला त्याच दिवशी लिहिलेली परीक्षणं भरपूर सापडतात. त्या दिवशी सगळेच सांधे घट्ट असतात आणि सगळाच रंग चकचकीत असतो. रीपेंट (तोच साचा, नवा रंग) आणि रीमोल्ड (त्याच साच्यात काही भाग नवे) यांचा कस पुढे लागतो. नवे भाग कसे दिसतात हे फोटोतही कळतं. जुने सांधे ते नवे भाग पेलतात का, हे मात्र जेटचा रोबोट आणि रोबोटचं जेट करत राहिल्यावरच कळतं. या लाल जेटबद्दल माझं जे काही बरंवाईट मत झालंय, ते फिरून फिरून याच प्रश्नाशी येतं.

थोडा इतिहास सांगते, कारण त्याशिवाय ‘तेच विमान परत कशाला घेतलंस?’ या घरच्यांच्या प्रश्नाला धड उत्तर देता येत नाही. १९८४ साली हॅस्ब्रोने ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आणले तेव्हा जपानच्या ताकारा कंपनीचे डायक्लोन आणि मायक्रोमन मालिकांतले तयार साचे वापरले होते. एफ-१५ ईगलवरून केलेलं हे जेट डायक्लोनमधलं. त्या एका साच्यातून रंग बदलून तिघे जण निघाले: राखाडी स्टारस्क्रीम, निळा थंडरक्रॅकर आणि काळा-जांभळा स्कायवॉर्प. १९८५ मध्ये रॅमजेट, थ्रस्ट आणि डर्ज आले. धड तेच, पंख नवे. तेव्हा हे फारसं अवघड नव्हतं, कारण त्या जुन्या खेळण्याचे पंख, शेपटीचे पंख, मुठी, क्षेपणास्त्रांचे लाँचर हे सगळे वरून लावायचे सुटे भागच होते. सुटा भाग बदलला की नवं पात्र तयार. कार्टूनमध्ये मात्र या तिघांना आणखी एक ओळख मिळाली. रोबोट झाल्यावर विमानाचं नाक मागे दुमडून लपवायचं, ते यांनी सरळ डोक्यावर उभं ठेवलं. चाहते त्यांना कोनहेड म्हणतात. मी शंकूडोके म्हणते.

आताच्या साच्यांत असं सुटं काही ठेवत नाहीत. पंख बिजागरीवर फिरतात, पाठीत घुसतात, खाचेत अडकतात. त्यामुळे पंखाचा आकार बदलायचा तर बिजागरी, खाच, पाठीतली मोकळी जागा, सगळ्याचाच विचार करावा लागतो. शहाणे डिझायनर हा विचार पहिलं जेट काढतानाच करून ठेवतात. इथेही तसं झालेलं दिसतं. माझ्या राखाडी जेटच्या पाठीत पंखाच्या मुळाशी एक रिकामी खाच आहे, आणि ती कशासाठी आहे याचा मला कधी पत्ता लागला नव्हता. लाल जेटच्या पंखाखालचा पेग (अडकवायची खुंटी) नेमका तिच्यात बसतो. असं काही सापडलं की मला फार बरं वाटतं. कुणीतरी आपल्या आधी इथे बसून डोकं चालवलंय याची ती खूण असते.

जेट म्हणून हे तिघांत सगळ्यात देखणं आहे, यात मला शंका नाही. नवे पंख रुंद आहेत, वस्तुमान मागच्या बाजूला गेलंय, आणि वरून पाहिलं की एफ-१५ च्या ओळखीच्या आकृतीपेक्षा वेगळी आकृती दिसते. पंखांतले पंखे खरोखर फिरतात, फुंकर मारली तरी. जुनी तक्रार मात्र तशीच आहे: रोबोटचे हात विमानाच्या पोटाखाली लटकतात आणि बाजूने पाहिलं की लपत नाहीत. साचा तोच असल्यावर हे बदलणारच नव्हतं. नाकाचं टोक मऊ प्लॅस्टिकचं आहे, टोकदार भाग कुणाला टोचू नये म्हणून बऱ्याच खेळण्यांत असतं तसं. खोक्यात दाबलं गेल्यामुळे ते एका बाजूला वाकलेलं आलं होतं. गरम पाण्यात थोडा वेळ धरलं, सरळ केलं आणि लगेच गार पाण्यात बुडवलं. त्यानंतर पुन्हा वाकलेलं नाही.

नाकाची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. राखाडी जेटमध्ये नाक मागे दुमडतं आणि पाठीतल्या खाचेत अडकून बसतं. लालमध्ये ते उभंच ठेवायचं असल्यामुळे त्याच्या मुळाशी नवा सांधा दिलाय, आणि या नव्या सांध्याला अडकायला खाच नाही. सगळा भार नुसत्या घर्षणावर. सुरुवातीला काही जाणवलं नाही. आता जेट हातात घेऊन तिरकं केलं की नाक किंचित खाली झुकतं. शेल्फवर ठेवल्यावर कळत नाही, पण उडवायला घेतलं (हो, मी उडवते, तोंडाने आवाजही काढते) की डोळ्याला खटकतं. एक छोटासा पेग दिला असता तर हे टळलं असतं.

आता रोबोट. इथे प्रकरण गुंतागुंतीचं होतं. मूळ साच्यात नाक पाठीमागे खाली जातं, म्हणजे त्याचं वजन कमरेच्या आसपास येतं. शंकूडोक्यात तेच वजन डोक्याच्याही वर. त्यात नवे पंख मोठे, पंख्यांमुळे जाड, आणि पाठीच्या मागे लटकलेले. एकूण गुरुत्वमध्य वरही गेला आणि मागेही गेला. हे सगळं ज्या घोट्यांवर उभं राहायचं, ते घोटे मात्र राखाडी जेटचेच, जराही न बदललेले. गुडघ्यांना आणि कमरेला रॅचेट (टप्प्याटप्प्याने अडकणारा दातेरी सांधा) आहे, ते अजून टकटक वाजत नीट धरून ठेवतात. घोट्यांना रॅचेट नाही. पहिले काही आठवडे ते घट्ट होते, म्हणून सगळं छान चाललं. मग जड दप्तर पाठीला लावलेलं पोर जसं मागे झुकतं, तसा हा हळूहळू मागे झुकायला लागला. सकाळी ताठ उभा केलेला गडी संध्याकाळी छताकडे पाहत असायचा.

यावर उपाय आहेत. एक पाय अर्धं पाऊल मागे ठेवायचा आणि टाच पूर्ण टेकवायची. किंवा पंख थोडे पुढे, खांद्यांच्या रेषेत आणायचे. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण त्यात समोरून पंखांचे गोल छान दिसतात आणि छाती भरल्यासारखी वाटते. मात्र नाट्यमय पोझ हवी असेल, एक गुडघा वर, बंदूक रोखलेली, तर आधाराचा स्टँड लागणारच. काळं-जांभळं जेट तीच पोझ स्टँडशिवाय धरतं.

काळ्या जेटचा विषय निघालाच आहे तर प्लॅस्टिकबद्दल सांगायला हवं, कारण रीपेंट घेणारे बरेच जण हे लक्षात घेत नाहीत. साचा एकच असला तरी रंग बदलला की सांध्यांचा घट्टपणाही बदलू शकतो. अशी खेळणी मुख्यतः एबीएस नावाच्या कडक प्लॅस्टिकची असतात. हे प्लॅस्टिक साच्यात थंड होताना साधारण ०.४ ते ०.७ टक्के आकुंचन पावतं. सांध्यांत वापरतात ते पीओएम हे दुसरं प्लॅस्टिक त्याहून बरंच जास्त, दोन टक्क्यांच्या आसपास. रंगद्रव्य बदललं की हे प्रमाण किंचित इकडेतिकडे होतं, आणि खुंटी व भोक यांच्यातली पकड ठरते ती मिलिमीटरच्या काही शतांशांवर. माझ्या तिन्ही जेटचे खांदे एकामागोमाग फिरवले तर डोळे मिटूनही कोणतं कोणतं ते सांगता येतं. काळं सगळ्यात कडक, राखाडी मधलं, लाल सैल. पुढे साचा झिजत जातो तसे उशिरा काढलेल्या आवृत्त्यांचे सांधे आणखी ढिले होतात, पण इथे तसंच झालं की हा फक्त लाल प्लॅस्टिकचा प्रताप, हे एका नगावरून ठरवणार नाही.

रंगांची वाटणीही साचाच ठरवतो. एका साच्यात अनेक भाग एकाच फांदीवर एकत्र ओतले जातात, आणि त्या फांदीवरचे सगळे भाग एकाच रंगाचे निघतात. लाल जेटच्या मुठी काळ्या हव्या होत्या, त्या तशा निघाल्या, पण त्याच फांदीवर गुडघ्यामागचे तुकडेही असावेत, कारण तेही काळेच आहेत. समोरून दिसत नाहीत. मागून मात्र लाल पायांत काळं ठिगळ दिसतं. रीपेंटमध्ये एखादा भाग उगाचच वेगळ्या रंगाचा दिसला, तर बहुधा कारण हेच असतं.

वरून मारलेला रंग किती टिकला? जिथे लाल हा प्लॅस्टिकचाच रंग आहे तिथे अर्थातच काही झालेलं नाही. पंखांवरचे पट्टे छापलेले आहेत, ते जसेच्या तसे. हवेच्या झडपांच्या आतल्या कडेला मात्र वरून चांदी मारलीय, आणि रोबोट करताना हाताचा वरचा भाग नेमका तिथे घासत बाहेर येतो. तिथे आता लाल रेघ उमटलीय. डाव्या बाजूला जास्त, कारण आधी डावा हात ओढायची माझी सवय. आणखी एक खोड: खांद्याच्या एका पेगवर रंगाचा थर चढलाय, त्यामुळे तो खाचेत जास्त घट्ट बसतो. तो ओढताना पेगऐवजी अख्ख्या खांद्यावर जोर येतो. मी कटरच्या पात्याने तो रंग हलकेच खरवडून काढला. बाहेरून दिसत नाही, आणि तेव्हापासून कटकट मिटली.

कॉकपिटची पिवळसर पारदर्शक काच सुंदर आहे, तरी मी तिला जपून हात लावते. पारदर्शक प्लॅस्टिक कडक पण ठिसूळ असतं, आणि त्यातून धातूची पिन गेली की पिनेभोवती ताण साठतो. माझ्या जेटच्या काचेला पिनेपाशी केसासारखी पांढरी रेघ दिसतेय. तडा गेलेला नाही. पण कॉकपिट छातीवर आणताना आता काच न धरता तिच्या बाजूची लाल चौकट धरून ओढते, आणि राखाडी-काळ्यालाही तीच शिस्त लावलीय.

घोट्यांवर शेवटी उपचार केला. स्क्रू काढून सांधा उघडला, गोळ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात दिला, पूर्ण वाळू दिला आणि परत जोडला. फरक पडला, मागे झुकणं बरंच कमी झालं. काही जण यासाठी सुपरग्लू वापरतात. तोही चालतो, पण थर पुरता सुकायच्या आत सांधा जोडला तर तो कायमचा चिकटतो, म्हणून त्या वाटेला मी जात नाही. नाकाच्या सांध्याला मात्र पिन आहे, स्क्रू नाही. तो उघडता येत नाही, तेव्हा ते झुकणं मी स्वीकारलंय.

बाकीचं भराभर. दोन बंदुका आहेत, दंडावर छान बसतात. माहितीपत्रक राखाडी जेटचंच परत छापलंय, त्यात नाक मागे दुमडायची पायरीही तशीच आहे. लाल जेटमध्ये ती पायरी केली तर नाक पंखाच्या बिजागरीला जाऊन अडतं, तेव्हा कागदावर विसंबून जोर लावू नका. चेहरा नवा घडवलाय, जबडा रुंद आणि ओठ किंचित वाकडे. बढाईखोर वाटतो, आणि थ्रस्टला ते शोभतं.

घ्यायचं की नाही? याच साच्यातलं जेट तुमच्याकडे एकही नसेल तर पहिलं म्हणून हे घेऊ नका, राखाडी किंवा काळं घ्या. साच्याची खरी मजा त्यांत कळते, आणि ते नीट उभे राहतात. एक आधीच असेल आणि दुसरं घ्यायचं असेल तर साध्या रीपेंटपेक्षा मी हेच निवडीन, घोट्यांची खटपट धरूनही. रंग बदललेलं जेट शेल्फवर भाऊ वाटतं, हे वेगळं पात्र वाटतं. लहान मुलासाठी विचारत असाल तर नको: पारदर्शक काच आणि तो घट्ट पेग मुलांच्या हातात फार टिकणार नाही. याच बदललेल्या साच्यात निळा डर्ज निघणार अशी कुजबुज आहे. निघालाच, तर मी आधी कुणाच्या तरी फोटोत त्याचे घोटे बघीन.