स्ट्रोकनंतर बाबांचं बीपी: टीमच्या देखरेखीखाली सात महिने

बाबांना ब्रेन स्ट्रोक झाला त्याला दोन वर्षं झाली. डावी बाजू बरीच सुधारली, बोलणं पूर्ववत झालं, पण बीपी काही उतरेना. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जायचो. वरचा आकडा दीडशेच्या पुढेच असायचा आणि दर वेळी उत्तर एकच मिळालं, "थोडं जास्त आहे, पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ म्हणजे आणखी तीन महिने. त्या दिवसांत मी रात्री उठून बाबांचा श्वास नीट चालू आहे ना, हे बघून यायचे.

सात महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका रुग्णालयाच्या बीपी-नियंत्रण सेवेत त्यांचं नाव नोंदवलं. डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट आणि आहारतज्ज्ञ मिळून एका पेशंटकडे बघतात, अशी ती सेवा आहे.

पहिल्याच दिवशी सिस्टरनी आमचं घरचं मशीन मागवून घेतलं. पट्टा बाबांच्या दंडाला लहान पडत होता, आणि लहान पट्ट्यावर आकडा खोटाच जास्त येतो. शिवाय आम्ही डाव्या, म्हणजे स्ट्रोकने कमजोर झालेल्या हातावर मोजत होतो. तोवर हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. मग त्यांनी बाबांना खुर्चीत बसवून पद्धत शिकवली. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, पाच मिनिटं शांत, मोजताना बोलायचं नाही. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढली, ती 148/88 आली. मोजमाप नीट केलं तरी बीपी जास्तच होतं. डॉक्टरांनी 130/80 च्या खाली आणायचं ठरवलं.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फार्मासिस्टचा. आधी खरं तर मन साशंक होतं, गोळ्यांबद्दल डॉक्टर सोडून दुसऱ्याचं का ऐकायचं? त्यांनी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या. त्यात गुडघ्यासाठी बाबा स्वतःच आणून घेत असलेली वेदनाशामक गोळी निघाली. तशा गोळ्यांनी बीपी वाढतं. बीपीचीच एक गोळी मात्र पाकिटात जवळपास तशीच शिल्लक होती. तिने कोरडा खोकला येतो म्हणून बाबांनी ती गुपचूप बंद केली होती, आणि डॉक्टरांना सांगायला संकोच वाटला होता. फार्मासिस्ट रागावले नाहीत. त्या जातीच्या गोळीने काहींना खोकला येतोच, असं समजावलं आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून दुसऱ्या प्रकारची गोळी सुरू करून घेतली. पुढे दोन औषधांची एकच गोळी केली, तेव्हापासून एकही चुकलेली नाही.

नंतर मी याबद्दल वाचत गेले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॉस एंजेलिसच्या एका अभ्यासात फार्मासिस्ट चक्क केशकर्तनालयात जाऊन कृष्णवर्णीय पुरुषांचं बीपी सांभाळत होते. सहा महिन्यांत त्यांचा वरचा आकडा सरासरी 27 ने उतरला. ज्यांना नेहमीच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं, त्यांचा नऊच्या आसपास. माझी शंका तिथे फिटली. आणि हा आकडा उतरवण्याचा आटापिटा कशासाठी, तर 2001 च्या 'प्रोग्रेस' या मोठ्या चाचणीत, आधी स्ट्रोक किंवा मिनी-स्ट्रोक झालेल्या सहा हजारांवर लोकांमध्ये बीपी उतरवणाऱ्या उपचारांनी पुन्हा स्ट्रोक येण्याचं प्रमाण 28 टक्क्यांनी घटलं. बाबांच्या बाबतीत मला दुसरं काय हवंय?

दर पंधरा दिवसांनी सिस्टरचा फोन येतो. मी सेवेच्या ॲपमध्ये भरलेले आकडे त्यांच्यासमोर असतात, त्यामुळे डोस बदलायचा तर त्याच आठवड्यात बदलतो. तिसऱ्या महिन्यात बाबांना उठताना चक्कर यायला लागली. त्यांना बोलावून आधी बसवून, मग उभं करून मोजलं, आकडा बराच पडत होता. लगेच डोस कमी केला. सोडियम, पोटॅशियम आणि किडनीची रक्ततपासणीही वेळेवर करून घेतात, आठवण आम्हाला करावी लागत नाही. आहारतज्ज्ञांनी मिठावर भर दिला. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. गेल्या महिन्याची घरची सरासरी 127/76 आहे.

एक गाऱ्हाणं आहे आणि ते लहान नाही. आमच्या सिस्टर रजेवर असताना सलग चार दिवस आकडा 160 च्या वर होता. मी रोज पाठवत होते आणि कुणीही ते उघडून पाहिलं नाही. टीममधल्या प्रत्येकाला वाटलं, दुसरा बघतोय. तक्रार केल्यावर त्यांनी चूक कबूल केली. आता रजेच्या काळात कोण बघणार त्याचं नाव आधीच कळवतात. ॲपमधली अक्षरंही बारीक आहेत, बाबांना दिसत नाहीत, म्हणून आकडे मलाच भरावे लागतात.

एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी बजावली, ती इथेही लिहिते. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा छातीत दुखणं, यातलं काहीही अचानक झालं तर टीमच्या फोनची वाट बघायची नाही, थेट ॲम्ब्युलन्स बोलवायची.

हार्ट ॲटॅक आलेले पेशंटही इथे येतात. त्यांची औषधं वेगळी असू शकतात, घरी मोजायची शिस्त तीच.

पाचपैकी चार तारे. नाव नोंदवायला जाल तेव्हा काउंटरवरच विचारा, "आमचे आकडे नेमकं कोण बघणार, आणि किती दिवसांत कळवणार?" आम्हाला आता त्याचं लेखी उत्तर मिळालंय, एक कामाचा दिवस, आणि खाली सिस्टरचं नाव.