पबमेड: संशोधकाचे काम कालक्रमाने वाचण्यासाठी

एखाद्या डॉक्टरच्या परिचयात शोधनिबंधांचा मोठा आकडा दिलेला असतो. मात्र त्या आकड्याच्या आत नेमके काय आहे, हे पडताळण्याच्या फंदात आपण सहसा पडत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची पबमेड ही वैद्यकीय निबंधांची शोधसेवा १९९७ पासून सर्वांसाठी विनामूल्य खुली आहे आणि तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. हृदयविकार आणि आपत्कालीन उपचार या दोन्ही क्षेत्रांना स्पर्श करणारे काम तिच्यात कसे दिसते हे पाहण्यासाठी मी विंचूदंशावर संशोधन करणाऱ्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे नाव घेतले.

इथे आडनाव आणि त्यापुढे आद्याक्षरे अशा पद्धतीने शोधणे सोयीचे असते. बावस्कर हे आडनाव विरळ असल्याने काम सोपे झाले. पाटील किंवा जोशी असते, तर एकाच आद्याक्षराच्या अनेक डॉक्टरांचे निबंध एकत्र आले असते. २००२ पूर्वीच्या नोंदींत लेखकांची पूर्ण नावेही नाहीत, त्यामुळे जुन्या पिढीच्या बाबतीत ही अडचण अधिक जाणवते. संस्थेचे किंवा सहलेखकाचे नाव जोडून शोध आवळावा लागतो.

निकाल येतात ते ‘सर्वाधिक जुळणारे आधी’ या क्रमाने. संशोधकाची वाटचाल समजून घ्यायची असेल, तर हा क्रम निरुपयोगी आहे. तो प्रकाशनाच्या तारखेवर आणून उलटा केला, म्हणजे सर्वांत जुने लेखन वर येते आणि मग या सेवेचा खरा उपयोग कळतो. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निबंधात लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर होणाऱ्या परिणामांची आगाऊ सूचना देणारी लक्षणे मांडलेली आहेत. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे या गोष्टी खेड्यातल्या दवाखान्यात कोणत्याही यंत्राविना दिसतात. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह लिहिलेले प्राझोसिनविषयीचे लेखन येते. विंचवाच्या विषामुळे शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी साचते; रक्तदाबासाठी वापरले जाणारे हे साधे औषध नेमकी तीच साखळी तोडते. पुढे २०११ मध्ये ‘बीएमजे’ या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात महाडच्याच रुग्णालयातील ७० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. प्राझोसिनसोबत विंचूप्रतिविष दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांपैकी ८ जण. आपल्याच जुन्या उपचाराला नव्या उपचारासमोर उभे करून तो मागे पडल्याचे छापणे, हे मला निबंधांच्या संख्येपेक्षा कितीतरी महत्त्वाचे वाटते.

विषयानुसार शोधण्यात मात्र ही सेवा थोडी दमवते. याच विंचवाचे शास्त्रीय नाव निरनिराळ्या काळांतील निबंधांत बुथस, मेसोबुथस आणि हॉटेनटोटा असे बदलत गेले आहे. एकच नाव टाकून थांबल्यास बरेच हातचे निसटते. ग्रंथालयाने या विषयाच्या बहुतेक निबंधांना जोडलेले ‘विंचूदंश’ हे ठरीव विषयशीर्षक वापरणे अधिक सुरक्षित. ‘आपत्कालीन वैद्यक’ या शब्दाने शोधणेही इथे फसवे आहे, कारण भारतीय वैद्यक परिषदेने या शाखेला स्वतंत्र मान्यता २००९ मध्ये दिली आणि तोपर्यंत हे काम अर्थातच विषबाधा, हृदयविकार किंवा उष्णकटिबंधीय रोग अशा खात्यांत विखुरलेले होते.

आणखी दोन मर्यादा आहेत. निबंधाखाली दिसणारी ‘यांनी संदर्भ घेतला’ ही यादी पबमेडच्या स्वतःच्या साठ्यापुरती असते, म्हणून तिच्यावरून प्रभाव मोजू नये. संपूर्ण मजकूरही दर वेळी मिळत नाही: बीएमजेची चाचणी पूर्ण वाचता येते, पण लॅन्सेटच्या जुन्या पानांसाठी पैसे किंवा महाविद्यालयाचे ग्रंथालय लागते. मागे घेतलेल्या निबंधावर ठळक सूचना असते, हे त्या मानाने मोठेच समाधान. खाते उघडल्यास एखाद्या लेखकाचा नवा निबंध आल्याचे ईमेलने कळते, त्यालाही काही शुल्क नाही.