वस्तीतल्या वाचनकोपऱ्यासाठी चित्रपुस्तकं: विकत घ्यायची, डाउनलोड करून छापायची की आपणच बनवायची?

ठाणे-नवी मुंबईतलं कळवा, दिघा, तुर्भे स्टोअर, लोकमान्य नगर नाहीतर येऊरचे पाडे, कुठेही मुलांसाठी वाचनकोपरा चालू करायचा म्हटलं की पहिल्याच मिटिंगला हा वाद होतो. एक जण म्हणतो सरळ दुकानातून चांगली पुस्तकं घेऊ, दुसरा म्हणतो नेटवर फुकट आहेत ती छापून आणू, आणि एखादी ताई म्हणते आपल्या वस्तीची पुस्तकं आपणच बनवू, मुलांना स्वतःचं काहीतरी दिसू दे. तिघांचंही खरंय पण तिघांच्या पुस्तकांची कामं वेगळी आहेत, आणि हातात दहा-पंधरा हजारच असतील तर कशाला किती द्यायचे ते ठरवावंच लागतं. माझं मत आधीच सांगते, साठा विकतचा आणि डाउनलोडचा ठेवा, स्वतः बनवायची ती चार-पाचच बनवा पण ती जीव ओतून बनवा.

आधी विकतची. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका, चेन्नईच्या तूलिकाची मराठी पुस्तकं, एवढं धुंडाळलं तरी एका कपाटाचं काम होतं. प्रथम बुक्सची आणि ट्रस्टची बरीचशी पुस्तकं शंभराच्या आत मिळतात, आणि त्या किमतीत तुम्हाला चित्रकार, संपादक, धड छपाई सगळं मिळतं, ते आपल्याला घरी बसून त्या पैशात कधीच जमणार नाही. मूल वाचायला शिकतं ते भरपूर वाचून, आणि तीस मुलं असतील तर निदान शंभर वेगवेगळी पुस्तकं हवीत असं मला वाटतं, नाहीतर महिन्याभरात सगळ्यांचं सगळं पाठ होतं आणि मग मुलं पान न बघताच म्हणून दाखवतात. शंभर पुस्तकं आपण बनवू शकत नाही, विषय संपला.

विकतची कुठे कमी पडतात ते सांगते. मराठी प्रमाण असते, ते चालतं, शाळेतही तेच आहे. पण आपल्या मुलांचं रोजचं जग त्यात फार कमी येतं, म्हणजे खाडी, कोळीवाडा, दगडखाणीजवळची घरं, सकाळचा मजूर नाका, ठाण्याच्या टीएमटी बसमधली गर्दी. मूल दुसऱ्या जगाबद्दल आवडीने वाचतं, वाचायलाच पाहिजे, पण ज्या मुलाने अजून एकही पुस्तक उघडलेलं नाही त्याला पहिल्यांदा जवळ ओढायला ओळखीचं काहीतरी लागतं.

आता डाउनलोड. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर ही मुलांच्या गोष्टींची फुकट वेबसाइट सुरू केली, तिथे आज ३०० हून जास्त भाषांमधल्या गोष्टी आहेत, मराठीच्याही भरपूर. चार लेव्हल केलेल्या आहेत, पहिलीच्या मुलाला लेव्हल एक आणि थोडं येत असेल त्याला दोन, एवढा साधा हिशोब. लायसन्स खुलं आहे, म्हणजे छापा, वाटा, भाषांतर करा, बदला, फक्त लेखक, चित्रकार आणि मूळ गोष्टीचं श्रेय ठेवायचं, म्हणून शेवटचं श्रेयाचं पान वाचवायला म्हणून काढून टाकू नका. याचा सगळ्यात मोठा फायदा तुर्भे, दिघा अशा ठिकाणी आहे जिथे एकाच गल्लीत घरी कन्नड, तेलुगू, हिंदी, लमाणी बोलणारी मुलं मराठी शाळेत जातात. एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये छापून शेजारी ठेवली की आईलाही घरी वाचून दाखवता येतं, आणि आई वाचायला लागली की मुलाचं वाचन कुठल्याकुठे जातं.

पण फुकट म्हणजे फुकट नाही, छपाईला पैसे लागतात. डिजिटल प्रेसवाल्याकडे बारा बाय अठरा इंचाच्या एका शीटवर दोन्ही बाजू मिळून ए-फाइव्हची (ए-फोरच्या निम्म्या आकाराची) ८ पानं बसतात, म्हणजे १६ पानी पुस्तकाला दोन शीट आणि कव्हरला अर्धी जाड शीट. दर दुकानागणिक आणि कॉप्यांच्या संख्येवर बदलतो, ठाणे स्टेशनच्या आसपास आणि वाशीत दोन्हीकडे विचारून बघा. थोड्याच कॉप्या काढल्या तर रंगीत डाउनलोड बऱ्याचदा विकतच्या पुस्तकाइतकंच नाहीतर जास्तच पडतं, हे लोक लक्षातच घेत नाहीत. म्हणून डाउनलोड कशासाठी, तर जे पुस्तक दुकानात त्या भाषेत मिळतच नाही त्याच्यासाठी, आणि एकच गोष्ट वीस मुलांना घरी न्यायला द्यायची असेल तर काळ्या-पांढऱ्या झेरॉक्ससाठी. झेरॉक्सला रेघांच्या चित्रांची गोष्ट निवडा, गडद रंगाची चित्रं काळीकुट्ट येतात आणि मूल विचारतं यात हत्ती कुठाय.

स्वतः बनवायचं म्हणाल तर त्यावर जरा जास्त बोलते, कारण इथेच लोक उत्साहाने सुरू करतात आणि मध्येच सोडतात.

दक्षिण आफ्रिकेत बुक डॅश म्हणून एक संस्था आहे, २०१४ पासून चालू आहे, लेखक, चित्रकार आणि डिझायनर एकत्र बसून १२ तासात एक पुस्तक तयार करतात, सगळं विनामूल्य काम, आणि पुस्तकं कुणालाही वापरायला खुली. ऐकायला सोपं वाटतं पण ती त्या-त्या कामात मुरलेली माणसं असतात. आपल्याकडे अशी टीम नसेल तर सगळ्यात सोपा रस्ता फोटोंच्या पुस्तकाचा. मोबाईलवर आपल्याच वस्तीचे फोटो काढा, पहाटे जाळं सोडवणारे काका, पाव घेऊन येणारा सायकलवाला, खाडीतले फ्लेमिंगो, आणि प्रत्येक फोटोखाली एक वाक्य. मुलांचे चेहरे घेणार असाल तर आईवडलांना आधी दाखवून विचारा, आडनाव आणि पत्ता कुठेच नको. चित्रांसाठी नेटवरची तयार खुली चित्रं वापरण्याचा मोह होतो पण मग त्यात आपली चाळही नसते आणि आपली आजीही, म्हणजे बनवण्याचा मूळ हेतूच गेला, त्यापेक्षा सहावी-सातवीच्या मुलांनी काढलेली वाकडीतिकडी चित्रं मला केव्हाही जास्त आवडतील.

गोष्ट कुठून आणायची, तर म्हाताऱ्या माणसांकडून. दिवाळे, सारसोळे, ऐरोली, वाशी गाव, इथल्या आगरी-कोळी आज्यांकडे आणि येऊरला वारली घरांत गोष्टी आहेत, त्या कुणी मागत नाही म्हणून सांगत नाहीत. फोनवर रेकॉर्ड करा आणि त्यांनी सांगितलं तसंच लिहा. शिक्षक म्हणतील की आगरीत ळ चा ल होतो, ण चा न होतो, मुलांचं शुद्धलेखन बिघडेल. मला ते पटत नाही, डाव्या पानावर घरची बोली आणि उजव्या पानावर शाळेची मराठी ठेवली तर मूल दोन्ही वाचतं आणि फरक त्याचा त्यालाच दिसतो.

टाईप करताना एक नक्की बघा, बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात आणि पहिलीच्या मुलाने बालभारतीत वेगळेच पाहिलेले असतात, तो तिथे अडखळतो. काही खुल्या फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की आपल्या वळणाची अक्षरं येतात. अक्षर मोठं, पानावर एक-दोन वाक्यं, शब्द तोडून पुढच्या ओळीत नको. मांडणीसाठी ब्लूम नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, देवनागरी चालतं, ज्याला पेजमेकर बिजमेकर येत नाही त्यालाही जमतं.

टिकाऊपणात विकतची पुस्तकं पुढे आहेत हे कबूल, पण आपली लवकर फाटायचं कारण बहुतेक वेळा पिना असतात. ठाण्याच्या पावसाळ्यात सेंटर पिनला गंज चढतो आणि मधलं पान सुटतं. त्यापेक्षा जाड सुईने दोऱ्याची शिवण घाला, वस्तीत शिवणकाम करणाऱ्या बायका असतातच, आणि लॅमिनेशन फक्त कव्हरला करा.

मग कुणी काय करावं. अंगणवाडी ताई असाल आणि पैसे अगदी कमी असतील तर विकतची थोडी पुस्तकं आणि एक फोटोंचं पुस्तक, बस. पालिकेच्या शाळेत शिकवत असाल तर केंद्र सरकारच्या निपुण भारत या वाचन-गणिताच्या मोहिमेने तिसरीच्या शेवटापर्यंत वाचन यावं असं ठरवलंय, तेव्हा पहिली ते तिसरीसाठी लेव्हल एक-दोनची भरपूर पुस्तकं आधी, बनवायचं काम मोठ्या वर्गाला द्या, त्यांचंही लेखन होतं. कंपनीचा सीएसआर म्हणजे समाजकामासाठीचा निधी मिळत असेल तर त्यांना लोगोवाल्या दप्तरांऐवजी पुस्तकांची यादी हातात द्या. आणि मंडळाची पोरं असतील, ज्यांच्याकडे पैसा नाही पण रविवार मोकळा आहे, त्यांनी बिनधास्त बनवण्यापासूनच सुरुवात करावी. ज्या ठाणे शहरात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय उभं आहे त्याच शहराच्या वस्त्यांमध्ये मुलांच्या हातात शाळेच्या पुस्तकाशिवाय काहीही नसावं हे मला फार टोचतं, आणि ते बदलायला मोठं कुणी यायची वाट बघायची गरज नाहीये.

छापायला टाकायच्या आधी एक कच्ची प्रत, साध्या कागदावर, हाताने चिकटवलेली, मुलांमध्ये नेऊन वाचा. जिथे मुलं चुळबुळ करतात ते वाक्य काढा, जिथे बोट ठेवून काहीतरी दाखवतात ते चित्र मोठं करा. दोन-तीन वेळा असं केल्यावरच प्रेसवाल्याला फाईल द्या, आणि पहिल्या खेपेला पंचवीसच्या वर कॉप्या काढू नका, कारण एखादी आजी हमखास येऊन सांगणार की गोष्टीचा शेवट तुम्ही भलताच लिहिलाय.