पितळ उघडं पडलं असतं तरी चाललं असतं

आधी आकडा सांगून टाकतो, कारण तो लपवण्यात दोन महिने गेलेत. 36,150 रुपये. आगाऊ 18,500, मध्येच ‘कस्टमचे’ म्हणून 3,850, गाडी पाठवायच्या आधी उरलेले 11,400, आणि कुरिअरचे जाताना 1,140 नि येताना 1,260. हे सगळे एका रिमोटच्या गाडीवर गेले. हसून घ्या. घरी हसून झालंय, चौकीत हसून झालंय, तुम्हीच तेवढे राहिलात.

गाडी ट्रॅक्सस कंपनीची टीआरएक्स-4, क्रॉलर जातीची. 2019 साली मामेभाऊ न्यू जर्सीहून आला तेव्हा त्याच्या बॅगेतून आणवलेली. क्रॉलर काय चीज आहे ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की ही गाडी पळत नाही, चढते. गोगलगाईच्या वेगाने दगडावर चढते आणि त्यातच मजा असते. मी रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला जातो. तिथला काळा दगड कोरडा असला की टायर असा धरतो की बघत राहावं. पण उभा चढ आला की माझी गाडी पुढून उचलायची आणि मागे उलटायची. शिवाय 550 ची, म्हणजे मोठ्या आकाराची मोटर, जोर दिला की अख्खी गाडी एका कुशीवर वळायची.

यावर उपाय ठरलेले आहेत. वजन खाली आणायचं, म्हणजे अ‍ॅक्सलच्या टोकांना प्लास्टिकऐवजी पितळेची पोर्टल कव्हरं (पोर्टल म्हणजे चाकाजवळची छोटी गिअरपेटी) आणि नकल, म्हणजे पुढची चाकं वळवणारे सांधे. पुढच्या अ‍ॅक्सलला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी जास्त फिरतात आणि गाडीला वर ओढतात. मागच्या लिंकांची, म्हणजे धुरा चॅसीला जोडणाऱ्या दांड्यांची, जागा बदलायची. शॉक जरा आखूड आणि मऊ. हे सगळं मी स्वतः करू शकलो असतो. करू शकतो. मग का नाही केलं? ऑफिस, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आणि चाळिशीनंतर दीड मिलिमीटरचा स्क्रू दिसत नाही. झालं समाधान?

हे काम करून देतो म्हणणारा एक माणूस हौशी लोकांच्या एका ग्रुपवर भेटला. नाशिककडचा म्हणून सांगायचा, मराठी आपल्यासारखंच, ‘दादा’ शिवाय वाक्य नाही. आणि माणसाला विषय येत होता, हे मला ठासून सांगायचंय. ओटीपी मागणारा बावळट नव्हता तो. पहिल्याच फोनवर म्हणाला, “दादा, तुमची गाडी उलटते कारण अँटी-स्क्वॉट जास्त आहे. वरच्या लिंकचं चॅसीकडचं टोक एक भोक वर घेऊ, मग बघा.” अँटी-स्क्वॉट म्हणजे जोर दिला की लिंकांच्या कोनामुळे गाडीचं मागचं अंग वर ढकललं जाणं. बरोबर बोलला होता! ज्याला एवढं कळतं तो फसवेल कशाला, असं मला वाटलं. आता वाटतं, एवढं कळत होतं म्हणूनच फसवू शकला.

मालाच्या यादीत चारही पोर्टलची पितळी कव्हरं, पुढचे नकल, दोन्ही डिफची (धुऱ्याच्या मधल्या गिअरपेटीची) कव्हरं, मिळून 640 ग्रॅम. पुढे 11 टक्क्यांच्या आसपास ओव्हरड्राइव्ह देणारे कडक पोलादी गिअर. भरीव स्टेनलेसच्या लिंका. 90 मिलिमीटरचे शॉक, आत 30 नंबरचं सिलिकॉन तेल. काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून परत. 2024 च्या गणपतीत 18,500 टाकले आणि गाडी बॅटरीशिवाय खोक्यात भरून पाठवली.

दहा दिवसांनी फोन. मागवलेल्या पार्टचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, खेळण्यांवरची ड्युटी वाढलीय, फरकाचे 3,850 द्यावे लागतील. आता खेळण्यांवरची ड्युटी खरंच 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाली आणि 2023 मध्ये 70. हे मला माहीत होतं. खोट्यात असा एक खरा दाणा असला की ते घशाखाली उतरतं. ड्युटीची पावती मागा. पावती नाही म्हणजे ड्युटी नाही. मी मागितली होती. “एजंटकडे आहे दादा” म्हणाला. मी गप्प बसलो.

त्यानंतर पितळी कव्हरांचा फोटो आला. पिवळीधमक, बघून जीव हरखला. खाली मेसेज: “दादा काळी करून देऊ का? गाडीला शोभतील. तुमच्यासाठी फ्री.” मी अंगठा पाठवला. दोन हृदयंही पाठवली होती, स्क्रोल करून आत्ताच पाहिलं. म्हणजे माल ओळखायची जी एकमेव खूण होती, त्याचा पिवळा रंग, तीच झाकायची परवानगी मी हौसेने दिली.

पण खरी जखम ती नाही. खरी जखम दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली. त्याने पॅक केलेल्या खोक्याचा फोटो पाठवला, वजनकाट्यावर ठेवलेला. माझाच खोका, माझंच थर्माकोल, बाजूला मुलाने स्केचपेनने काढलेला वाघसुद्धा. काट्यावर लाल आकडे: 3.940. खाली, “दादा रेडी आहे, बाकी टाका, आजच डिस्पॅच.”

मी पाठवताना त्याच खोक्याचं वजन 4.120 होतं. ती स्लिप माझ्या टेबलाच्या खणात होती. हाताच्या अंतरावर. 640 ग्रॅम पितळ चढलं, प्लास्टिकची कव्हरं उतरली ती साठ-सत्तर ग्रॅम धरा, तरी खोका 4.690 च्या खाली येताच कामा नये. त्यात जुने पार्ट परत यायचे होते ते वेगळेच. आणि इथे तर वजन मूळ वजनापेक्षा 180 ग्रॅम कमी! वजन वाढवायला पाठवलेली गाडी बारीक होऊन परत येतेय आणि मी, बी.कॉम. झालेला, रोज दुसऱ्यांच्या खात्यातला रुपया-रुपया जुळवणारा माणूस, त्या फोटोकडे बघून मनात काय म्हणालो? “वा, पॅकिंग छान केलंय.” चार मिनिटांत 11,400 पाठवले. वेळ बघितली मी नंतर. फोटो 6:12, पैसे 6:16.

माझी बाजूही ऐका. कुरिअरच्या स्लिपवर दोन वजनं असतात. एक खरं, एक खोक्याच्या मापावरून काढलेलं. 55 गुणिले 30 गुणिले 28 भागिले 5000, म्हणजे 9.24 किलो, आणि पैसे त्याचे लागतात. माझ्या डोक्यात नऊ-साडेनऊचा आकडा बसला होता. खरं वजन कोपऱ्यात बारीक अक्षरात. हे कारण मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मग नऊच्या जागी चार बघून काय वाटलं?” यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गाडी आली तेव्हा देखणी दिसत होती, नाही म्हणत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिलाही हळदकुंकू लावलं. पुढच्या रविवारी टेकडीवर नेली. पहिला दगड बरा चढली. दुसऱ्यावर पूर्वीसारखीच उलटली. तिसऱ्यावर पुढच्या उजव्या चाकातून कट्‌कट्‌कट् आवाज आला आणि चाक जागीच गोल फिरायला लागलं.

घरी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडली. पोर्टलच्या ग्रीसमध्ये राखाडी चुरा, गिअरचे दात शेंगदाण्याचं कूट व्हावं तसे झालेले. कडक पोलादावर कानस घसरते, पकडत नाही. इथे कानशीने लोण्यासारखं कापलं. जस्ताची ओतीव धातू होती ती. ‘पितळी’ कव्हराचा कोपरा खरवडला: खाली पांढरं, चक्क अ‍ॅल्युमिनियम, पितळेच्या तिसरा हिस्सा वजनाचं. काहीजण लोहचुंबक लावून बघा सांगतात. उपयोग नाही. चुंबक पितळेला चिकटत नाही, अ‍ॅल्युमिनियमलाही नाही, जस्तालाही नाही. लोखंडावर मुलामा असेल तर तेवढा कळेल. वजन करा. किचनमधला काटा पुरतो.

लिंका भरीव नव्हत्या, पोकळ नळ्या, आणि माझ्या मूळच्या पोलादी लिंका गायब. शॉकमधल्या तेलाला वास येत होता, शिलाई मशीनच्या तेलासारखा. सिलिकॉन तेलाला वास नसतो. त्या तेलाने आतल्या ओ-रिंगा फुगल्या होत्या आणि शॉक दाबला की वर यायचं नाव नाही. ओव्हरड्राइव्हची गोष्ट तर ऐकाच. दोन्ही डिफ लॉक करायचे, म्हणजे डावं-उजवं चाक सारखंच फिरतं, पुढच्या आणि मागच्या चाकाला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, गाडी उचलून मागचं चाक हाताने मोजून दहा फेरे फिरवायचं. 11 टक्के असेल तर पुढचं चाक अकरा फेरे पूर्ण करून थोडं पुढे गेलेलं दिसतं. माझ्या दोन्ही पट्ट्या दहाव्या फेऱ्याला समोरासमोर उभ्या. म्हणजे ओव्हरड्राइव्ह शून्य. दोन मिनिटांचं काम, आणि ते मी टेकडीवर जायच्या आधी केलं नाही.

सगळ्यात वाईट शेवटी दिसलं. मागच्या डिफचा मोठा गिअर मी 2021 मध्ये स्वतः शिम (पातळ चकत्या) लावून बसवला होता आणि खूण म्हणून त्यावर बायकोच्या मरून नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. ठिपका नव्हता, कारण गिअरच तो नव्हता. या इसमाने मला नवा माल दिला नाही एवढंच नाही, माझा चांगला माल काढून घेतला आणि त्यासाठी माझ्याकडूनच मजुरी घेतली.

फोन अर्थातच बंद.

सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावला. बाई सौजन्याने बोलल्या. “पार्सल मिळालं ना सर? मग ऑनलाइन फ्रॉडमध्ये कसं घेणार?” पैसे जाऊन तीन आठवडे झाले होते, तिथे पहिल्या काही तासांत फोन केला तर समोरच्याच्या खात्यातली रक्कम रोखता येते, नंतर सगळी चर्चाच. बँकेत गेलो. “पिन तुम्हीच टाकलात ना?” हो. “मग विषय संपला.” ग्राहकांच्या 1915 हेल्पलाइनवर बिल मागितलं. बिल नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, हे ऐकून उत्साह आला. पण समोरच्याचा पत्ता हवा. पार्सलवरचा पत्ता गुगलवर टाकला तर निघालं मोबाईल रिचार्जचं दुकान. तिथला माणूस म्हणाला, “इथे रोज पन्नास लोक पार्सल ठेवतात.”

आणि मग चौकी. पहिल्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा सायबरला जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, प्रत्यक्ष वस्तूची देवाणघेवाण आहे, स्थानिक चौकीत जा. तिसऱ्यांदा हवालदारांनी वही उघडली. “काय गेलं?” गाडीचे पार्ट. “नंबर?” नंबर नाही, रिमोटची आहे. पेन खाली ठेवलं. आतल्या खोलीकडे बघून ओरडले, “अरे या, हे बघा, खेळण्यातल्या गाडीला छत्तीस हजार!” तिघं आले. एकाने विचारलं, उडते का? ड्रोनला परवानगी लागते, माहितीय ना? म्हणजे तक्रार द्यायला गेलेला मीच आरोपी व्हायच्या बेतात. मी भारतीय न्याय संहिता, कलम 318 म्हणालो. हवालदार म्हणाले, “पूर्वीचं चारशेवीसच ना? ते सिव्हिल मॅटर आहे तुमचं. व्यवहार फिसकटलाय.” मी म्हटलं, तुमच्या मोटारसायकलचं इंजिन काढून गॅरेजवाल्याने भंगारातलं बसवलं तर ते सिव्हिल का? त्यावर चहा आला. त्यांच्यासाठी.

अर्ज लिहूनच द्या, तोंडी बोलू नका, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय उठू नका. हद्द आमची नाही म्हणाले तर शून्य एफआयआर आणि नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 म्हणा. मला हे घरी आल्यावर कळलं. चौथ्यांदा जाऊन पोच घेतली, तिला आता सात आठवडे झाले. सरकारी वेबसाइटवरच्या तक्रारीसमोर ‘प्रक्रिया सुरू आहे’ लिहिलंय. कुरिअर कंपनीकडे दोन्ही वेळच्या वजनाची नोंद लेखी मागितली तर ग्राहक सेवा केंद्रातली मुलगी म्हणते, सर, पार्सल डिलिव्हर झालंय ना, मग प्रॉब्लेम काय? अहो, तोच तर प्रॉब्लेम आहे! ग्रुपच्या अ‍ॅडमिनने माझी पोस्ट ‘वातावरण बिघडतं’ म्हणून काढली. त्या इसमाच्या जाहिराती मात्र महिनाभर वातावरण सुधारत होत्या.

कुणाकडे गाडी पाठवणारच असाल तर आधी उघडून प्रत्येक गिअरचा, लिंकेचा फोटो काढा आणि न दिसणाऱ्या जागी खूण करा. गाडीचं वजन काट्यावर ठेवून फोटो, खोक्यासकट वेगळा. बाकी रक्कम गाडी हातात येऊन मोजल्यावरच. आणि पितळ कोणी काळं करून देतो म्हणाला तर म्हणा, नको, पिवळंच आवडतं.

जुन्या बाजारात, कुठल्या ग्रुपवर, टीआरएक्स-4 चा सुटा मागचा डिफ विकायला आलेला दिसला तर कव्हर उघडून बघायला सांगा. मोठ्या गिअरच्या सपाट बाजूला, एका स्क्रूच्या डोक्याशेजारी, मरून ठिपका आहे. ज्वारीच्या दाण्याएवढा, खालच्या अंगाला थोडा ओघळलेला. तो माझा आहे.