मधला चौक: उघडा ठेवावा की काचेनं झाकावा?

घराच्या मधोमध चौक काढायचं ठरलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: वर आकाश ठेवायचं की काच? नकाशावर दोन्ही सारखेच दिसतात, राहायला लागल्यावर नाही.

आधी उष्णता बघू. उघड्या चौकाची फरशी आणि भिंती रात्री आपली उष्णता थेट आकाशात सोडतात. गार हवा जड असते, ती खाली साचते आणि सकाळी भोवतालच्या खोल्या त्यामुळे थंड राहतात. काच नेमकं हेच अडवते. ती ऊन आत घेते, पण तापलेल्या फरशीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे उष्ण हवामानात काच घालायचीच असेल, तर अगदी वरच्या टोकाला उघडणारी झडपं हवीत आणि सावली काचेच्या बाहेरून हवी. आतून पडदा लावेपर्यंत ऊन घरात शिरलेलं असतं. थंड प्रदेशात मात्र हाच दोष उपयोगी पडतो. तिथं मी काचेच्या बाजूनं आहे.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. ४ बाय ४ मीटरच्या चौकात १०० मिलिमीटर पाऊस पडला की १,६०० लिटर पाणी जमतं. छपराचा उतार आत असेल तर त्याहून जास्त. प्राचीन रोमन घरांत ते मुद्दाम आत घेऊन मधल्या उथळ हौदात उतरवत. आपल्याला निदान चौकाची पातळी खोल्यांपेक्षा खाली हवी आणि पाणी जायला दोन तोंडं हवीत. पानांनी एक तुंबतंच. काचेला ही कटकट कमी, पण सांधे गळतात आणि वर चढून काच धुवावी लागते. (आर्किटेक्टच्या चित्रात ती कायम लख्ख असते!) डोक्यावरची काच लॅमिनेटेडच हवी, म्हणजे तडकली तरी तुकडे खाली पडत नाहीत.

काचेचा खरा फायदा फारसं कुणी सांगत नाही: जागा. उघड्या चौकाभोवती न भिजता फिरायला एक मीटर रुंदीची पडवी काढली, तर ती २० चौरस मीटर खाते आणि चौक स्वतः १६चाच! झाकलेल्या चौकातून सरळ चालत जाता येतं. प्लॉट लहान असेल तर हा मुद्दा जड ठरतो. अशा वेळी तिन्ही बाजूंना खोल्या आणि चौथीला नुसती भिंत, हाही मार्ग बघा.

दुमजली घरात झाकलेला चौक आवाज वरपर्यंत नेतो आणि आग लागली तर धूरही. त्याची सोय नकाशातच करा.

मन ठरत नसेल तर चौक उघडा ठेवा, पण कडेच्या तुळया पुढेमागे काचेचं वजन पेलतील अशा आत्ताच घालून घ्या.