खाऱ्या पाण्याचा दोन फुटी टँक: आठ महिने वापरून झालेला हिशेब

दसऱ्याला पाणी भरलं, आता जून चालू आहे, म्हणजे आठ महिने झाले. बजेट ठरवलं होतं आठ हजार आणि मासे घरात यायच्या आधीच ९,९५० गेले, ते सुद्धा क्रॉफर्ड मार्केटला तीन चकरा मारून, घासाघीस करून. तरी जमतं असंच म्हणेन. फक्त पैसे कुठे वाचवायचे हे मी बरोब्बर उलटं धरून बसलो होतो, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

टँक २४ बाय १२ बाय १५ इंची, गल्लीतल्या काचवाल्याकडून करून घेतला, १,९०० रुपये. पाण्यासकट वजन ऐंशी किलोच्या आसपास जातं त्यामुळे स्टँडच्या भानगडीत न पडता ओटा नवीन केला तेव्हा उरलेली कडप्प्याची लादी विटांवर टेकवली, वर थर्माकोल, त्यावर टँक. गावच्या न्हाणीघरासारखं दिसतं असं बायकोचं मत आहे, असू दे. हँग-ऑन (काचेच्या कडेला टांगायचा) फिल्टर १,३००, वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप, ९५०, एलईडी ५५०, थर्मामीटर १२०. सगळं साधंच घेतलं आणि कशानेच दगा दिला नाही, वेव्हमेकर तेवढा महिन्यातून एकदा व्हिनेगरमध्ये बुडवून घासावा लागतो नाहीतर रात्री घरघर करतो. स्किमर, म्हणजे फेस काढून पाण्यातली घाण ओढणारं यंत्र, नाही. वाळू पण नाही टाकली, खाली नुसती काच, त्यामुळे घाण लगेच दिसते आणि नळीने ओढून काढता येते.

दगडांचं जरा सांगतो. एका दुकानात पांढरंशुभ्र वाळलेलं प्रवाळ दाखवलं, स्वस्तात. घेऊ नका. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आहेत, समुद्री घोडे पण त्याच यादीत आले. मी सिरॅमिकचे सच्छिद्र दगड घेतले, सहा किलो, १८० रुपये किलो. पहिले दोन महिने बाथरूमच्या टाइल्स फोडून टाकल्यासारखे दिसत होते, आता जांभळट तपकिरी थर चढलाय आणि बरे दिसतात.

आता पाणी. खरा खर्च आणि खरा ताप इथेच आहे. टँकमध्ये दगड वजा जाता ५५ लिटर पाणी मावतं, लिटरला ३५ ग्रॅम धरलं तर पहिल्या भरणीला दोन किलो मीठ. खाऱ्या टँकसाठी तयार मिळतं ते मीठ मी सुट्टं घेतो, २६० रुपये किलो, सुरुवातीला पाच किलो आणलं. दर रविवारी दहा लिटर पाणी बदलतो, म्हणजे महिन्याला साधारण दीड किलो. शेजारच्या काकूंनी विचारलं की भाईंदरच्या मिठागरातलं खडेमीठ का नाही टाकत, दहा पट स्वस्त पडेल. काकू, त्यात नुसतं सोडियम क्लोराइडच जास्त, कॅल्शियम मॅग्नेशियमचं प्रमाण समुद्रासारखं राहत नाही. मेहुणा म्हणाला अलिबागहून कॅन भरून आणतो. ते पण नको, किनाऱ्याचं पाणी गढूळ, खाडीजवळ काय काय सोडलेलं असतं देव जाणे आणि पावसाळ्यात तर खारटपणा पार उतरलेला असतो.

मीठ कालवायला घरातल्या आरओचंच पाणी वापरतो, टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा) स्क्रू पूर्ण बंद करून घेतला तेव्हा रीडिंग ७० वरून ९ वर आलं. वाया जाणारं पाणी आई बादलीत धरते आणि फरशी पुसते, त्यामुळे घरात त्यावरून भांडण नाही. मीठ नेहमी वेगळ्या बादलीत, मोटर लावून रात्रभर फिरवायचं. थेट टँकमध्ये टाकायचं नाही.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र पाणी भरून झाल्यावरची आहे. थंडीत सुद्धा रोज पाऊण लिटर पाणी उडून जायचं आणि मी शहाणा, समुद्राचा टँक आहे म्हणून वरून खारं पाणीच ओतायचो. उडतं ते पाणी, मीठ तर आतच राहतं, हे शाळेत शिकलेलं डोक्यातच आलं नाही. चौदा दिवस असं चाललं. हजार-बाराशे वाचवायला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे डोळा लावून खारटपणा मोजायचं यंत्र, घेतला नव्हता, दुकानदाराने दिलेला काट्यावाला प्लास्टिकचा मीटर होता, त्याच्या काट्याला बुडबुडा चिकटला की तो काहीही दाखवतो, आणि मला वाटायचं बुडबुड्यामुळेच जास्त दाखवतोय. शेवटी १,२५० चा रिफ्रॅक्टोमीटर आणला, आरओच्या पाण्यावर शून्याला लावला, डोळा लावला तर घनता १.०३१! असायला हवं १.०२५. नशीब की तेव्हा आत मासा नव्हता. आता काचेवर चिकटपट्टीची खूण आहे, पाणी खूणेखाली गेलं की साधं आरओचं पाणी.

मासा नव्हता कारण सायकल चालू होती, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायची वाट बघणं. त्यासाठी कोळणीकडून एक कोलंबी आणली, जुन्या सॉक्समध्ये घालून टँकमध्ये सोडली. ती सडते, अमोनिया होतो, तो खाणारे जिवाणू वाढतात, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट. आईने आठवडाभर येणाऱ्या जाणाऱ्याला सांगितलं की आमच्याकडे कोलंबीचं कालवण नाही करत, हॉलमध्ये सडवतात. वास आला, खोटं नाही बोलणार. अमोनिया आणि नायट्रेटचे किट मिळून १,५०० चे, जिवावर आलं होतं पण ते नसते तर मी दहाव्या दिवशीच मासे टाकले असते, कारण पाणी एकदम काचेसारखं होतं. प्रत्यक्षात अमोनिया शून्यावर यायला ३८ दिवस लागले. तिसऱ्या आठवड्यात सगळीकडे तपकिरी शेवाळ आलं, घाबरू नका, जातं.

पहिला मासा १२० रुपयांचा निळा डॅमसेल, 'कशातही जगतो' म्हणून दिला. जगतो खरा, पण दुसऱ्या कोणाला जगू देत नाही. नंतर हॅचरीत वाढलेली क्लाउनफिशची जोडी आणली, १,१०० ला, तर याने लहान्याची शेपटी कुरतडली. पकडायला सगळे दगड बाहेर काढावे लागले, अर्धं पाणी हॉलमध्ये, शेवटी पिठाच्या चाळणीत सापडला. फुकटात दुकानात परत दिला. चाळणी नवीन आणावी लागली हा वेगळा खर्च.

क्लाउन मात्र एक नंबर. घरी येणारं प्रत्येक पोर 'निमो निमो' करतं. दोघं जन्मतः नरच, जो मोठा आणि दादा होतो तो मादी होतो, आमच्याकडे मोठी कोण ते आता स्पष्ट झालंय, लहाना तिच्यासमोर आडवा होऊन थरथरतो. अॅनिमोन, म्हणजे ज्याच्या झुबक्यात क्लाउन राहतात तो समुद्री जीव, नाहीये, तर दोघं रात्री काच पुसायच्या चुंबकाला चिकटून झोपतात. अॅनिमोनचा हट्ट मी सोडलाय, त्याला लागणारा लाइट माझ्या टँकएवढ्या किमतीचा आहे.

मे महिना कठीण गेला. पाणी ३१.५ डिग्री. चिलर, म्हणजे पाणी गार करायचं मशीन, परवडणारच नाही, म्हणून कॉम्प्युटरचे दोन जुने पंखे वर तिरके लावले तर २८.५ वर आलं, पण मग रोज दीड लिटर पाणी उडायला लागलं. लाइट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवलाय, ४५० चा, आत्तापर्यंत चार वेळा कामाला आला. आणि डासांचं लिक्विड मशीन हॉलमधून कायमचं काढलं, ती औषधं माशांना फार लवकर बाधतात.

सध्याची कटकट म्हणजे पाऊस. हवा दमट झाल्यावर पंख्याने पाणी पूर्वीसारखं गार होत नाही, आणि सुट्ट्या मिठाची पिशवी दगड झालीये. ओलं मीठ वजनाला जास्त भरतं, त्यामुळे ३५० ग्रॅम टाकलं तरी १.०२२ च येतं, आता वजनकाटा सोडून रिफ्रॅक्टोमीटर बघत बघतच टाकतो. उरलेलं मीठ तांदळाच्या जुन्या डब्यात घट्ट लावून ठेवलंय, वर आईने खडूने लिहिलंय, 'भाजीत घालू नये'.