नव्या पेठेतील छपाई-बांधणीचे दुकान आणि कापूसमळ्याची हिशेबवही

इतिहासाच्या वर्गासाठी मला अमेरिकेच्या दक्षिणेतील एका कापूसमळ्याच्या हिशेबवहीची कागदी प्रत करून घ्यायची होती. मळेवाल्यांसाठी रकाने छापलेल्या अशा तयार वह्या तिकडे १८४० च्या दशकाच्या अखेरीस विकल्या जाऊ लागल्या होत्या आणि भरलेल्या काही वह्यांची छायाचित्रे आता इंटरनेटवर मोफत मिळतात. हे काम सोलापुरात नव्या पेठेतील एका लहान दुकानाकडे दिले, त्याविषयी हा अभिप्राय.

पहिली प्रत फसली. मूळ पान आडवे व रुंद असल्याने ए-४ कागदावर त्याची उजवी कड कापली गेली आणि नेमका आठवड्याच्या बेरजेचा रकाना नाहीसा झाला. डावीकडे गुलामांची नावे, पुढे सोमवार ते शनिवार प्रत्येकाने वेचलेल्या कापसाचे वजन आणि शेवटी बेरीज, अशी त्या पानाची मांडणी आहे. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत, कधी त्याहीपुढे चालणाऱ्या वेचणीत धडधाकट माणसाच्या नावापुढे दीडशे-दोनशे पौंड, म्हणजे सुमारे ७० ते ९० किलो, भरणे नेहमीचे होते. पहाटे घंटा झाली की शेतात, अंधार पडला की टोपल्या घेऊन काट्यापाशी, आणि वजन कमी भरले तर मुकादमाचा चाबूक. चाबकासाठी अर्थातच रकाना छापलेला नसे.

दुकानदारांनी वाद न घालता सगळी पाने ए-३ कागदावर विनामूल्य पुन्हा काढून दिली. रेघा जुळवताना त्यांनी विचारले, "सर, दराचा रकाना परत सुटला का?" त्यांचे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते, त्यामुळे नग आणि दर शेजारी शेजारी मांडलेली मजुरीची वही त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. तो रकाना सुटलेला नाही, मुळातच नाही, असे मी सांगितले. मजुरीच्या जागी आठवड्याचा शिधा असे: साधारणपणे नऊ लिटर मापाचे मक्याचे पीठ आणि दीड किलोच्या आसपास खारवलेले डुकराचे मांस. माणसांच्या नावापुढे पैशाचा आकडा येतो तो दुसऱ्याच पानावर, जेथे प्रत्येक गुलामाचे वय, वर्षारंभीची किंमत आणि वर्षाअखेरची किंमत नोंदवलेली असते, लहान मुलांचीसुद्धा. त्या पानाची छपाई त्यांनी स्वतः दोनदा तपासली.

डाग पुसून पाने पांढरी करून देण्याची त्यांची तयारी होती. मी नको म्हटले, कारण त्यात पेन्सिलचे फिकट आकडेही गेले असते. गोंदाऐवजी दोऱ्याने शिवलेली, कापडी पाठीची बांधणी उत्तम झाली असून वही टेबलावर सपाट उघडते. दोन दिवसांचे काम चार दिवसांवर गेले, एवढीच खंत. तेथे जुन्या वह्या छापायला देणाऱ्यांनी कागदाचा आकार आधी लिहून द्यावा आणि एक पान नमुना म्हणून काढून त्याची उजवी कड मूळ पानाशी ताडून पाहावी.